'ऑनलाइन' शिक्षण : विद्यार्थ्याचें आणि यंत्राचें

एखाद्या मोठ्या विद्यापीठांत शिक्षणशास्त्राचा एक अभ्यासक आणि संगणकशास्त्राचा एक अभ्यासक एकाच बांकावर येऊन बसले, आणि "मी सध्यां ऑनलाइन शिक्षणावर संशोधन करीत आहें" असें दोघांनींही एकमेकांस सांगितलें, तर आपला विषय एकच आहे असा त्यांचा क्षणभर समज होईल. वस्तुतः तसें नाहीं. शिक्षणशास्त्रज्ञाच्या मनांत असतो तो घरीं बसून, संगणकाच्या जाळ्याच्या द्वारें, पडद्यावर पाठ घेणारा विद्यार्थी. संगणकशास्त्रज्ञाच्या मनांत विद्यार्थी मुळींच नसतो. तेथें एक यंत्र असतें, आणि तें समोर येणारीं उदाहरणें एकामागून एक पाहत, प्रत्येक उदाहरणागणिक स्वतःमध्यें थोडा थोडा फरक करीत शिकत असतें. सारीं उदाहरणें आधीं गोळा करावींत व मग एकगठ्ठा हिशेब करून शिकावें, ही ह्याच्या उलट रीति होय. येईल तें उदाहरण घ्यावें, त्यावरून कांहीं शिकावें आणि पुढच्याची वाट पाहावी, ह्या रीतीला त्या शास्त्रांत 'ऑनलाइन' शिकणें म्हणतात. मग तें यंत्र कोणत्याही जाळ्याला जोडलेलें असो वा नसो.

नांव एक व अर्थ दोन, हा शब्दांचा योगायोग आहे असें म्हणून विषय येथेंच सोडतां आला असता. परंतु दोन्ही शास्त्रांतील संशोधन शेजारीं शेजारीं ठेवून वाचलें असतां, विशेषतः संगणकदृष्टीच्या, म्हणजे यंत्राला चित्रें ओळखावयास शिकविण्याच्या शास्त्रांतील संशोधन त्याला जोडून पाहिलें असतां, दोघांच्याही पुढें एकच प्रश्न उभा असल्याचें दिसतें. शिकणें घडतें तें नेमकें कोठें? पाठ पोंचतो तेथें, कीं चूक दुरुस्त होते तेथें? २०२० सालापासून ज्यांच्या अभ्यासाचा कांहीं भाग पडद्यासमोर गेला, त्या विद्यार्थिमित्रांना हा प्रश्न केवळ तात्त्विक वाटूं नये.

दूर बसलेल्या विद्यार्थ्याला शिकविण्याची कल्पना कांहीं नवी नाहीं. इ. स. १८४० मध्यें आयझॅक पिटमन ह्यांनीं इंग्लंडांत आपली लघुलेखनाची विद्या टपालानें शिकविण्यास आरंभ केला. विद्यार्थ्यांनीं बायबलांतील लहान उतारे लघुलिपींत लिहून पाठवावे, आणि ते तपासून, दुरुस्त करून त्यांच्याकडे परत यावे, अशी ती व्यवस्था होती. ह्या परतीच्या टपालाकडे वाचकांनीं लक्ष ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे. १९६० मध्यें अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत डोनाल्ड बिट्झर ह्यांनीं 'प्लेटो' नांवाची संगणकावर पाठ देणारी व्यवस्था सुरू केली. आपल्या देशांत आय. आय. टी. संस्था व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था ह्यांनीं २००३ पासून 'एन. पी. टी. ई. एल.' ह्या योजनेखालीं आपलीं व्याख्यानें सर्वांस मोफत खुलीं करण्याचा उपक्रम हातीं घेतला, व २०१७ मध्यें सरकारचें 'स्वयम्' निघालें. परंतु जगाचें लक्ष वेधलें तें २०११ सालच्या एका प्रयोगानें. त्या वर्षीं सेबॅस्टियन थ्रून व पीटर नॉर्विग ह्यांनीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील कृत्रिम बुद्धिमत्तेचा आपला वर्ग कोणासही खुला केला, आणि सुमारे १,६०,००० जणांनीं नांवें नोंदविलीं. शेवटपर्यंत पोंचले ते वीस हजारांहून थोडे अधिक. तरीही एका वर्गांत वीस हजार विद्यार्थी उत्तीर्ण होणें ही लहान गोष्ट नव्हे, आणि विद्यापीठांच्या भिंती आतां पडणार अशी भाकितें त्या काळीं पुष्कळांनीं केलीं.

भिंती कांहीं पडल्या नाहींत. हार्वर्ड विद्यापीठ व मॅसाच्युसेट्स तंत्रविद्या संस्था ह्यांच्या खुल्या वर्गांचा हिशेब जस्टिन राइश व होझे रुइपेरेझ-व्हालिएंते ह्यांनीं २०१९ मध्यें प्रसिद्ध केला. त्यांत २०१७-१८ ह्या वर्षीं नांव नोंदविणाऱ्यांपैकीं अवघे ३.१३ टक्के शेवटपर्यंत गेल्याचें आढळलें. ह्यांत केवळ डोकावून पाहण्यासाठीं आलेले पुष्कळ असणार हें मान्य केलें पाहिजे. ग्रंथालयांत पुस्तक चाळणारा प्रत्येक जण तें शेवटपर्यंत वाचतोच असें नाहीं. पण पाठ पोंचविणें आणि शिकविणें ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत, एवढें तरी ह्या आंकड्यांवरून दिसतें.

हा भेद रिचर्ड क्लार्क ह्या अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञानें १९८३ मध्यें फार सडेतोडपणें मांडला होता. शिक्षणाचें माध्यम हें किराणा वाहून आणणाऱ्या मालमोटारीसारखें आहे, असें त्यांचें म्हणणें. मालमोटार नवी आली म्हणून घरच्या अन्नांतील पोषण वाढत नाहीं. पोषण असतें तें आणलेल्या धान्यांत. ह्या मतावर रॉबर्ट कोझ्मा आदि विद्वानांनीं पुढें आक्षेप घेतले, आणि कांहीं माध्यमांत विशेष सामर्थ्य असतें असें प्रतिपादिलें. प्रस्तुत लेखकास क्लार्क ह्यांची उपमा थोडी कठोर पण मुळांत खरी वाटते. अमेरिकेच्या शिक्षणखात्यानें १९९६ ते २००८ ह्या काळांतील एक हजाराहून अधिक शोधनिबंध चाळून जो अहवाल काढला, तोही ह्याच बाजूस झुकतो. पडद्यावर शिकलेले विद्यार्थी सरासरीनें किंचित् सरस ठरले, व वर्ग आणि पडदा ह्यांचें मिश्रण अधिक फलदायी दिसलें; परंतु त्या मिश्र वर्गांतील विद्यार्थ्यांना बहुधा वेळही अधिक मिळाला होता व साहित्यही अधिक, म्हणून यशाचें श्रेय माध्यमाला देतां येत नाहीं, असें अहवालानेंच बजावून ठेवलें आहे. शिवाय त्यांतील बहुतेक प्रयोग मोठ्या विद्यार्थ्यांवरचे होते. शाळेंतील मुलांवरचे फार थोडे.

मग धान्य तें कोणतें? येथें क्षणभर विद्यार्थ्याला बाजूस ठेवून यंत्राकडे वळूं. यंत्राची सोय अशी कीं, त्याच्या 'डोक्यांत' काय बदललें हें आंकड्यांनीं मोजून पाहतां येतें.

फ्रँक रोझेनब्लाट हे मूळचे मानसशास्त्रज्ञ. मनुष्याचा मेंदू पाहून पाहून ओळखावयास कसा शिकतो, ह्याचा नमुना म्हणून त्यांनीं 'पर्सेप्ट्रॉन' नांवाची योजना आंखली व १९५८ मध्यें ती शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध केली. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत वॉशिंग्टन येथें, आय. बी. एम. कंपनीच्या '७०४' ह्या अवजड संगणकावर तिचें प्रात्यक्षिक झालें. कांहीं पत्त्यांवर डावीकडे खूण होती, कांहींवर उजवीकडे. सुमारे पन्नास प्रयत्नांनंतर यंत्र डावें-उजवें ओळखूं लागलें. आपल्या बालवर्गांतील मुलास हें हंसूं येण्यासारखें वाटेल. परंतु कोणीं नियम न सांगतां, केवळ उदाहरणांवरून यंत्रानें हा भेद काढला, हें त्यांतील नवल होतें. पुढें ह्याच योजनेचें एक स्वतंत्र यंत्र बांधण्यांत आलें. त्यांत वीस ओळींत वीस वीस असे 'फोटोसेल' नांवाचे ४०० विजेचे डोळे होते. कोणत्या डोळ्याच्या साक्षीला किती महत्त्व द्यावयाचें तें विजेच्या फिरत्या खुंट्यांवर ठरे, आणि यंत्र शिकूं लागलें म्हणजे लहान लहान मोटारी त्या खुंट्या खरोखरीच फिरवीत. शिकणें कानांनीं ऐकूं यावें असें यंत्र जगांत फार झालें नसेल!

त्याचा नियम समजण्यासाठीं अगदीं लहान उदाहरण घेऊं. एका ओळींत चारच डोळे आहेत असें समजा. पहिले दोन डावीकडचे, शेवटचे दोन उजवीकडचे. प्रत्येक डोळ्याला एक भार दिलेला आहे, आणि आरंभीं चारही भार शून्य आहेत. ज्या डोळ्यावर खूण पडेल त्याचा भार पाहावयाचा. तो शून्याहून अधिक असेल तर यंत्रानें 'उजवी' म्हणावयाचें, एरव्हीं 'डावी'. आतां तिसऱ्या डोळ्यावर खूण दाखविली. भार शून्य, म्हणून यंत्र म्हणतें 'डावी'. हें चूक; म्हणून तिसऱ्याचा भार एकानें वाढवावयाचा. मग पहिल्या डोळ्यावर दाखविली. यंत्र म्हणतें 'डावी'. बरोबर; म्हणून कशालाही हात लावावयाचा नाहीं. मग चौथ्यावर दाखविली. पुन्हां 'डावी', पुन्हां चूक. चौथ्याचाही भार एक झाला. ह्यापुढें खूण कोणत्याही डोळ्यावर पडो, उत्तर बरोबरच येतें. दोन चुका झाल्या आणि धडा संपला.

वाचकांनीं हें उदाहरण पाटीवर एकदां करून पाहावें, म्हणजे त्यांतील मर्म ध्यानांत येईल. यंत्राचें उत्तर बरोबर आलें त्या वेळीं त्यांत कांहींही बदललें नाहीं. जो बदल झाला तो चुकीच्या क्षणीं झाला, आणि तोही 'हें चुकलें' असें सांगणारा कोणी होता म्हणून झाला. सांगणारा नसता तर एक हजार पत्ते दाखविले असते तरी चारही भार शून्यच राहिले असते. पत्ते पोंचले असते. शिकणें झालें नसतें. १९६२ मध्यें आल्बर्ट नोव्हिकॉफ ह्यांनीं गणितानें असेंही सिद्ध केलें कीं, ज्या दोन प्रकारांमध्यें सरळ रेषेची सीमा घालतां येते त्यांच्या बाबतींत अशा यंत्राच्या एकंदर चुका ठराविक मर्यादेपलीकडे कधींच जात नाहींत, मग उदाहरणें कितीही येवोत. पुढें १९६९ मध्यें मार्विन मिन्स्की व सेमूर पॅपर्ट ह्यांनीं ह्या यंत्राच्या मर्यादा एका ग्रंथांत दाखविल्या, आणि कांहीं काळ हा विषय मागें पडला. जातां जातां एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हेच पॅपर्ट मुलांसाठीं 'लोगो' ही संगणकाची भाषा तयार करणाऱ्यांपैकीं एक होते. मुलानें लिहिलेली आज्ञावलि चुकली तर पडद्यावरचें कांसव भलतीकडे जाई, आणि मग मूल स्वतःच चूक शोधूं लागे. यंत्राचें शिकणें आणि मुलाचें शिकणें ह्या दोहोंचा विचार करणारा मनुष्य चुकीकडेच येऊन पोंचला, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

आतां पुन्हां विद्यार्थ्याकडे येऊं. केन कोडिंजर आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं २०१५ मध्यें मानसशास्त्राच्या एका खुल्या ऑनलाइन वर्गाचा अभ्यास केला. कांहीं विद्यार्थी चलत्चित्रांचीं व्याख्यानें पाहण्यांत अधिक वेळ घालवीत, कांहीं पाठ वाचण्यांत, तर कांहीं मध्यें मध्यें दिलेले प्रश्न सोडवीत आणि प्रत्येक उत्तरावर तें चूक कीं बरोबर हें तेथेंच कळून घेत. प्रश्न सोडविण्यानें होणारा लाभ हा पाहण्यानें वा वाचण्यानें होणाऱ्या लाभाच्या सहापटींहून अधिक आढळला. ह्याहूनही बोलका प्रयोग आफ्रिकेंतील बोट्स्वाना देशांतला आहे. २०२० च्या साथींत शाळा बंद असतां तेथें सुमारे साडेचार हजार कुटुंबांवर तो करण्यांत आला. कांहीं घरीं दर आठवड्यास दूरध्वनीवर गणिताचीं उदाहरणें केवळ संदेशानें पाठविलीं. कांहीं घरीं तींच उदाहरणें पाठवून शिवाय शिक्षकानें थोडा वेळ दूरध्वनीवर बोलून तीं मुलाकडून सोडवून घेतलीं. ज्यांना संभाषणाची जोड मिळाली त्यांचें गणित सुधारलें. ज्यांना केवळ संदेश मिळाले त्यांच्यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. साधन अगदीं साधें. पण पिटमन ह्यांचें परतीचें टपाल तेवढें त्यांत होतें.

येथवरचें साम्य सोपें आहे. ह्यापुढचें अधिक गहन आहे, कारण तें विस्मृतीसंबंधीं आहे.

मायकेल मॅक्लॉस्की व नील कोहेन ह्यांनीं १९८९ मध्यें एका कृत्रिम मज्जाजालाला बेरीज शिकविली. प्रथम एकाच्या बेरजा : एक अधिक एकपासून एक अधिक नऊपर्यंत, आणि उलट क्रमानेंही. त्या सर्व बिनचूक येऊं लागल्यावर दोनाच्या बेरजा शिकविण्यास घेतल्या, आणि त्या वेळीं एकाच्या बेरजा मुळींच दाखविल्या नाहींत. दोनाच्या येऊं लागल्या. पण त्या येतां येतां एकाच्या पार पुसल्या गेल्या. मूलही विसरतें, परंतु दोनाचा पाढा शिकतांना एकाचा समूळ विसरलें असें कोणत्या पंतोजीनें पाहिलें असेल? ह्याचें कारण शोधणें कठीण नाहीं. एकाच्या बेरजा आणि दोनाच्या बेरजा त्याच भारांत साठविलेल्या. नवें शिकतांना भार हलले, आणि त्या भारांवर जुन्याचें जें कांहीं उभें होतें तें ढांसळलें. एकाच पाटीवर आधींचें न राखतां नवें लिहीत गेल्यासारखें तें झालें. संगणकदृष्टींत हीच अडचण पावलोपावलीं भेटते. यंत्राला आधीं पक्षी ओळखावयास शिकवा, मग केवळ गाड्या दाखवा. थोड्याच वेळांत पक्षी गेलेले असतात. ह्या दोषाला त्या शास्त्रांत 'सर्वनाशी विस्मृति' अशा अर्थाचें नांव पडलें आहे, आणि उदाहरणें येतील तशीं शिकणाऱ्या यंत्रांपुढचें हें सर्वांत मोठें संकट मानलें जातें.

मग मनुष्य ह्यांतून कसा सुटतो? १९९५ मध्यें जेम्स मॅक्लेलँड, ब्रूस मॅक्नॉटन व रँडल ओरायली ह्यांनीं ह्यावर एक सुंदर उपपत्ति मांडली. मेंदूंत शिकण्याच्या दोन व्यवस्था आहेत. 'हिप्पोकँपस' नांवाचा लहानसा भाग नवी गोष्ट चटकन टिपून ठेवतो. मेंदूचें बाह्य पटल मात्र सावकाश शिकतें. टिपलेलें तें त्याला एकदम सोंपवीत नाहींत. जुन्यामध्यें मिसळून, पुन्हां पुन्हां, थोडें थोडें सोंपवितात. ह्याला आधार असा कीं, त्याच्या आदल्या वर्षीं मॅथ्यू विल्सन व मॅक्नॉटन ह्यांनीं उंदरांच्या मेंदूंतील पेशींची नोंद घेतली होती. दिवसा एखाद्या जागीं फिरतांना ज्या पेशी एकत्र जागृत होत, त्याच पुढें झोपेंतही एकत्र जागृत होतांना आढळल्या. झोपलेला उंदीर जणूं दिवसाचा परवचा म्हणत होता.

परवचा हा शब्द येथें मुद्दाम योजला आहे. आपल्या महाराष्ट्रांत तिन्हीसांजा दिवा लागल्यावर मुलांनीं ओळीनें बसून पाढे, तिथी, वार, नक्षत्रें म्हणावयाचीं ही जुनी चाल. पुढें इंग्रजी शाळांच्या काळांत ती घोकंपट्टी म्हणून हास्यास्पद ठरली, आणि अर्थ न समजतां घोकणें हें वाईट, हें आजही खरें आहे. परंतु तीस शिकणारें मूल रोज एकापासून आरंभ करी ह्यांत एक व्यवस्था होती. नवा पाढा जुन्या पाढ्यांच्या रांगेंत येऊन उभा राही; जुन्यांना ढकलून देत नसे. यंत्रावर काम करणाऱ्या संशोधकांनीं विस्मृतीवर जो पहिला व आजवर सर्वांत भरवशाचा उपाय काढला तो नेमका हाच. अँथनी रॉबिन्स ह्यांनीं १९९५ मध्यें दाखविलें कीं, नवें शिकवितांना जुन्यांतलीं कांहीं उदाहरणें मधून मधून मिसळून दिलीं तर जुनें टिकतें. ह्या उपायाचें जें इंग्रजी नांव आहे त्याचें मराठी भाषांतर 'उजळणी' ह्याशिवाय दुसरें होऊं शकत नाहीं.

अलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्स्केव्हर व जेफ्री हिंटन ह्यांचें मज्जाजाल २०१२ मध्यें चित्रें ओळखण्याच्या मोठ्या स्पर्धेंत पहिलें आलें, व तेव्हांपासून ह्या शास्त्राचें सारें वळण पालटलें. चित्रें होतीं सुमारे बारा लक्ष, आणि प्रकार एक हजार. पांच उत्तरें देण्याची मुभा असतां त्याची चूक १५.३ टक्के भरली; दुसऱ्या क्रमांकाची २६.२. तें चतुर होतें हें खरें, पण त्याच्या अभ्यासाचा तपशील पाहा. तीं बारा लक्ष चित्रें त्याला जवळजवळ नव्वद वेळां दाखविण्यांत आलीं. कुत्र्यांनंतर सगळीं मांजरें अशीं नव्हेत, सगळ्या प्रकारांची सरमिसळ करून. ह्याला पांचसहा दिवस लागले. नव्वद उजळण्या करणाऱ्या विद्यार्थ्याला आपण घोकंपट्टीवाला म्हणतों. यंत्राला मात्र बुद्धिमान म्हणतों.

विद्यार्थ्याच्या बाजूनेंही ह्याची प्रचीति जुनी आहे. हेर्मान एबिंगहाउस ह्यांनीं १८८५ मध्यें स्वतःवरच प्रयोग करून निरर्थक अक्षरें पाठ केलीं व किती विसरलीं तें मोजलें. पहिल्या एका दिवसांत दोन तृतीयांश श्रम वायां जात. त्यापुढें मात्र ऱ्हास फार मंद होई. म्हणजे उजळणीची वेळ परीक्षेच्या आदल्या रात्रीं नव्हे, पाठाच्या दुसऱ्या दिवशीं आहे.

परंतु उजळणी कशी करावी? येथें एक सापळा आहे, व तो यंत्र आणि मनुष्य दोघांनाही बाधतो. हलत्या चित्रांत एखाद्या वस्तूचा, समजा रस्त्यानें जाणाऱ्या सायकलीचा, माग ठेवणारीं यंत्रें असतात. सायकल वळली, सावलींत गेली, कीं तिचें रूप पालटतें. म्हणून यंत्राला चालतां चालतां, क्षणोक्षणीं, तिचें नवें रूप शिकावें लागतें. पण ह्या वेळीं खरें उत्तर सांगणारा गुरु जवळ नसतो. यंत्र स्वतःच ठरवितें कीं सायकल येथें आहे, आणि आपलेंच उत्तर खरें धरून त्यावरून शिकतें. एखाद्या वेळीं तें उत्तर दोन बोटें बाजूस पडतें. चौकटींत सायकलीबरोबर थोडी भिंत येते. पुढच्या क्षणीं तें भिंतीलाही सायकल समजूं लागतें. असें होतां होतां सायकल निघून जाते, आणि यंत्र मोठ्या आत्मविश्वासानें भिंतीचा माग ठेवीत बसतें! ह्याला त्या शास्त्रांत वाहवत जाणें म्हणतात. झ्डेनेक कालाल व त्यांचे सहकारी ह्यांनीं २०१२ मध्यें ह्यावर एक उपाय प्रसिद्ध केला. त्यांनीं यंत्राच्या पाठीशीं दोन तपासनीस नेमले. वस्तु एका क्षणांतून दुसऱ्या क्षणांत उडी मारीत नाहीं, तिचा मार्ग सलग असतो, ह्यावरून एक तपासनीस सुटलेल्या जागा दाखवी. वस्तु एका वेळीं एकाच ठिकाणीं असूं शकते, ह्यावरून दुसरा खोटीं उत्तरें खोडी. दोघेही तपासनीस कधीं कधीं चुकत. पण एकाची चूक दुसऱ्याच्या विरुद्ध दिशेची असल्यामुळें यंत्र वाहवत जात नसे.

एकटा बसून पडद्यावरचा पाठ पुन्हां पुन्हां पाहणारा विद्यार्थी असाच वाहवत जातो. हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिके ह्यांनीं २००६ मध्यें केलेला प्रयोग प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असावा असा आहे. कांहीं विद्यार्थ्यांनीं एक उतारा चार वेळां अभ्यासिला. कांहींनीं तो एकदांच अभ्यासिला, व मग पुस्तक मिटून, आठवेल तेवढें लिहून काढण्याची परीक्षा तीन वेळां दिली. पांच मिनिटांनंतर विचारलें तेव्हां चार वेळां वाचणारे पुढें होते. एका आठवड्यानें विचारलें तेव्हां त्यांना ४० टक्के आठवलें. परीक्षा देणाऱ्यांना ६१ टक्के. पण पुढें किती लक्षांत राहील असें तुम्हांस वाटतें, हें आधीं विचारलें असतां अधिक भरंवसा कोणीं दाखविला? चार वेळां वाचणाऱ्यांनींच. ओळखीचें वाटणें म्हणजेच येणें, असें त्यांनीं धरलें होतें.

आतां जेथें हें साम्य संपतें तेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. यंत्राला कंटाळा येत नाहीं, भूक लागत नाहीं, आणि चुकलें म्हणून लाज वाटत नाहीं. त्याची प्रत्येक चूक मोजणाऱ्याच्या पुढें उघडी पडते. विद्यार्थ्याचें तसें नाहीं. वर्गांत फळ्यावर उदाहरण करतांना हात अडखळला तर गुरुजींना दिसतो, शेजाऱ्याला दिसतो. पडद्यापलीकडे, कॅमेरा बंद करून बसलेल्या मुलाची चूक कोणालाच दिसत नाहीं, आणि कांहीं दिवसांनीं त्याला स्वतःलाही दिसेनाशी होते. साथीच्या काळांत नेदर्लंडमधील प्राथमिक शाळा आठ आठवडे बंद होत्या. तेथें घरोघर जलद जाळें असूनही मुलांची जी पिछेहाट झाली ती वर्षाच्या अभ्यासाच्या सुमारे एक पंचमांशाएवढी भरली, व कमी शिकलेल्या आईबापांच्या मुलांची त्याहूनही अधिक. आपल्याकडे 'असर' ह्या पाहणीप्रमाणें ग्रामीण भारतांत तिसरींतील ज्या मुलांना दुसरीचा उतारा वाचतां येई त्यांचें प्रमाण २०१८ मध्यें २७.३ टक्के होतें; २०२२ मध्यें तें २०.५ वर आलें. आपल्याकडील पुष्कळ मुलांजवळ दूरध्वनीच नव्हता, त्यामुळें हा दोष पडद्याचा म्हणतां येत नाहीं. पण नेदर्लंडांत तर सर्व कांहीं होतें.

ह्याची दुसरी बाजूही आहे. कार्तिक मुरलीधरन्, अभिजित सिंग व अलेहांद्रो गानिमियन ह्यांनीं दिल्लींतील मध्यमवर्गांच्या, म्हणजे साधारण सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग २०१९ मध्यें प्रसिद्ध झाला. शाळा सुटल्यावर मुलें एका केंद्रांत जात. तेथें संगणक प्रत्येकाच्या चुकांवरून त्याची खरी इयत्ता ओळखी, आणि तेथून पुढचीं उदाहरणें देई. साडेचार महिन्यांत गणित व हिंदी दोहोंतही त्यांची प्रगति स्पष्ट दिसली. बसलेला मुलगा आठवींतला, पण त्याचें गणित चौथींतलें, हें त्या यंत्रानें न रागावतां ओळखलें. पन्नास मुलांच्या वर्गांत तें ओळखणें चांगल्या शिक्षकासही जड जातें. पडदा शत्रु नव्हे. पण त्याच्या मागें चूक पाहणारें कोणी तरी असावें लागतें.

यंत्रांच्या बाबतींत सध्यां संशोधक ज्या प्रश्नाशीं झगडत आहेत, तो कोणत्याही शिक्षकाला ओळखीचा वाटेल. जुनें सर्वच जवळ ठेवून रोज त्याची उजळणी करणें परवडत नाहीं. मग काय ठेवावें? २०१७ मध्यें रेबुफी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं शंभर प्रकारचीं चित्रें टप्प्याटप्प्यानें शिकणाऱ्या यंत्राला सर्व मिळून केवळ २,००० जुनीं चित्रें बाळगण्याची मुभा दिली. शंभरही प्रकार शिकून होतात तेव्हां प्रत्येकाच्या पांचशेंपैकीं वीसच चित्रें उरतात. तीं त्यांनीं अशीं निवडलीं कीं, त्या विसांची सरासरी सबंध प्रकाराच्या सरासरीशीं शक्य तितकी जुळावी. आणि नवा प्रकार आला म्हणजे प्रत्येक यादीच्या शेवटचीं चित्रें काढून त्याला जागा करून द्यावी. ह्याहून निराळे कांहीं संशोधक सीमेवरचीं, म्हणजे जेथें यंत्र हमखास गोंधळतें तीं चित्रें ठेवावीं असें म्हणतात. २०१९ मध्यें अर्सलान चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मात्र एक साधी गोष्ट मोजून दाखविली. प्रत्येक प्रकाराचें एकच जुनें चित्र जवळ ठेवलें आणि नव्याबरोबर तेवढेंच पुन्हां पुन्हां समोर आणलें, तरी यंत्र मुळींच उजळणी न करणाऱ्यापेक्षां स्पष्टपणें पुढें राहतें.